ओळीतलं पहिलं काडतूस

१

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची, डोमिनिका. दोन बदलल्यास, तर त्यातलं खोटं कोण बोलतंय ते तुला कधीच कळायचं नाही."

हे सांगताना बेर्नातचा आवाज कधी चढला नाही. नेमबाजीच्या मैदानावर तो माझ्या मागे उभा राहायचा. माझी गोळी लांब गेली की मी लगेच दुर्बिणीचा स्क्रू फिरवायला जायची, आणि तो नुसता माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवायचा. आधी थांब. मग विचार कर. मग एकच गोष्ट.

एप्रिलमध्ये बेर्नात गेला. मैदानाच्या किल्ल्या क्लबने माझ्याकडे दिल्या. ऑक्टोबरात त्याच्या मुलाची, पेयोची रायफल शेरीफ हॅलवर्सन माझ्याच मैदानावर घेऊन आला, तेव्हा मला पहिल्यांदा तो आवाज आठवला. ती रायफल खरं तर बेर्नातचीच. पेयोच्या हातात येऊन तिला सहा महिनेही झाले नव्हते.

झालं होतं ते असं. पेयो एल्कच्या, म्हणजे सांबरासारख्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला वर डोंगरात गेला होता. त्याने एकच गोळी झाडली. ती गोळी खाली ओढ्यात, झऱ्यापाशी बसलेल्या वॉरन टीगच्या कमरेत घुसली. वॉरन हा त्यांचा शेजारी. झऱ्याच्या पाण्यावरून दोन्ही घरांचं दहा वर्षं वाजत होतं, आणि वरच्या कुरणाची वाट वॉरनच्या जमिनीतून जायची, त्या फाटकाला त्याने कुलूप घातलं होतं, म्हणून पेयो लांबचा वळसा घालून वर गेला होता. पेयोने स्वतःच त्याला घोड्यावर घालून खाली आणलं. आता वॉरन बिलिंग्जच्या इस्पितळात बेशुद्ध होता. तो मेला तर पेयोवर खुनाचा खटला, जगला तरी खुनाच्या प्रयत्नाचा. सोमवारी त्याला न्यायाधीशांपुढे उभं करणार होते.

पेयो म्हणत होता, एल्क वर कड्याच्या पट्टीवर होता, मी त्याच्या खांद्यावर नेम धरला होता. वॉरन खाली आहे हे मला माहीतच नव्हतं.

एल्क दुसऱ्या कोणी पाहिला नव्हता. पावलं संध्याकाळच्या बर्फाने पुसली होती. उरलं काय, तर पेयो महिन्यापूर्वी बारमध्ये वॉरनला चार लोकांसमोर म्हणाला होता ते: "आमच्या झऱ्याला परत तारा ओढून बघ. आमच्या घरची रायफल चुकत नाही, माहीत आहे ना?"

माहीत सगळ्यांनाच होतं. अख्ख्या तालुक्यात त्या रायफलीचं नाव होतं. बेर्नात काडतुसं विकत घेत नसे, स्वतःच्या शेडमध्ये स्वतः भरायचा. दारू तोलून, गोळी मोजून, एकसारखी. त्याच्या एका पेटीतली पन्नास काडतुसं म्हणजे एकाच आईची लेकरं, असं आम्ही म्हणायचो.

शेरीफने रायफलीत उरलेली तीन काडतुसं माझ्यासमोर झाडली. दोनशे यार्डांवरच्या कागदावर तिन्ही भोकं एका अंगठ्याखाली झाकली जातील इतकी जवळ.

त्याने दुर्बिणीतून भोकं पुन्हा मोजली. पेयोला लहानपणी त्यानेच मासे धरायला शिकवलं होतं.

"मला वाटत होतं, रायफल बिघडलेली निघावी," तो म्हणाला. "आता मी काय करू?"

२

मी त्याला म्हणाले, पेयोची काडतुसांची पेटी ठेवून जा.

तो नाही म्हणाला, पुरावा आहे. मग म्हणाला, मी थांबतो, तुम्ही झाडा.

वारा पडला होता. डोंगरावर ढग असा बसला होता की वरचं कुरण दिसत नव्हतं. मागच्या कुंपणावर तीन डोमकावळे येऊन बसले आणि गोळीबार सुरू झाला तरी उडाले नाहीत. मला ते बरं वाटलं नाही.

पेटी प्लास्टिकची, पाच ओळींची, एका ओळीत दहा खाचा. पहिल्या ओळीच्या सुरुवातीच्या चार खाचा रिकाम्या. रायफलीत चारच मावतात, पेयोने ओळीने चार काढून घेतली होती. पहिलं झाडलं ते वॉरनला लागलं. पुढची तीन शेरीफने आत्ता झाडली.

मी काहीच बदललं नाही. तीच रायफल, तोच टेकू, तोच कागद. फक्त पुढचं काडतूस. पहिल्या ओळीतली उरलेली सहा संपवली. भोकावर भोक. शेरीफने उसासा टाकला.

दुसऱ्या ओळीतलं पहिलं घातलं. घोडा दाबला. खांद्याला बसलेला धक्का मऊ होता, कुणी हात आखडता घेऊन ढकलावं तसा.

कागदावर नवीन भोक दिसेना. शेरीफने दुर्बिणीतून शोधलं. "खाली," तो म्हणाला. "हातभर खाली. लाकडाच्या चौकटीत."

"डावी-उजवीकडे?"

"नाही. सरळ रेषेत खाली. तुमचा हात हलला असेल, डोमिनिका. वय झालं आपलं."

"तुझं झालं असेल," मी म्हणाले.

हात हलला तर गोळी कुठेही जाते. सरळ खाली पडते ती दमलेली गोळी. तिच्या पाठीमागे पुरेसा जोर नसतो. आणि दोनशे यार्डांवर जी हातभर पडते, ती डोंगरात, त्याहून दुप्पट अंतरावर, पुरुषभर पडेल. कड्याच्या पट्टीवरच्या एल्कच्या खांद्यापासून पुरुष-दीड पुरुष खाली काय होतं, ते शेरीफला माझ्याहून चांगलं माहीत होतं. झऱ्यापाशी वॉरन बसला होता त्या जागेचे फोटो त्यानेच काढले होते. त्याने दुर्बीण खाली ठेवली, आणि आता तो चेष्टा करत नव्हता.

दुसऱ्या ओळीतली बाकीची झाडली. सगळी जागेवर.

तिसऱ्या ओळीतलं पहिलं. मऊ धक्का. हातभर खाली.

थंडीने बोटं बधिर झाली म्हणून मी हात कोटाच्या खिशात घातला. खिशात माझी जपमाळ असते. रोज पहाटे मिस्सेच्या आधी आम्ही दोघी-तिघी चर्चमध्ये ती म्हणतो. बोटं सवयीने मण्यांवर गेली. दहा मणी नमो मरियेचे, मग थोडं अंतर सोडून एक सुटा मणी, स्वर्गीय बापाच्या प्रार्थनेचा. पुन्हा दहा. असे पाच गट, आणि प्रत्येक गटाच्या तोंडाशी तो एक वेगळा मणी.

मी पेटीकडे पाहिलं. दहा-दहाच्या पाच ओळी.

बोलू नये असं वाटलं. पण तुरुंगात पेयो होता, आणि त्याच्या बाप्तिस्म्याच्या वेळी त्याची धर्ममाता म्हणून त्याला हातात धरून मीच उभी होते.

"चौथ्या ओळीतलं पहिलं काढ," मी शेरीफला म्हणाले. "कानाशी धरून हलव. मग शेजारचं हलव."

शेजारचं हलवल्यावर आत दारूची खसखस ऐकू आली. ओळीतलं पहिलं मुकं होतं. काठोकाठ भरलेलं.

३

गोळी उपटून शेरीफने आतलं कागदावर ओतलं. काळी दारू नेहमीपेक्षा बरीच कमी. तिच्याबरोबर करड्या-पांढऱ्या रंगाची भुकटी, भरड, मधे मधे कणीसारखे पांढरे खडे. त्याने त्यावर बोट ठेवलं नाही, मीही ठेवलं नाही. पाचव्या ओळीतलं पहिलं त्याने पिशवीत बंद करून सील केलं.

"वाळू," तो म्हणाला. "नाहीतर प्लास्टर. कुणीतरी मुद्दाम भरलंय. म्हणजे पेयोला अडकवायला."

आणि त्याच्या डोळ्यांसमोर कोण आलं ते मला कळलं. लाइल बॉग्ज. बेर्नातच्या घरी मेंढ्यांवर होता, ऑगस्टमध्ये पेयोने त्याला पिण्यावरून काढून टाकलं होतं. शेडची किल्ली घोड्याच्या नालेमागे असते हे त्याला ठाऊक होतं. शेरीफ त्याला त्याच संध्याकाळी आत टाकायला निघाला होता. मी म्हणाले, आधी मला बोलू दे. तू बाहेर गाडीत बस.

लाइल त्याच्या ट्रेलरच्या पायरीवर बूट दुरुस्त करत बसला होता. मला पाहून उठला, टोपी काढली, आणि शेरीफची गाडी पाहून परत घातली.

मी त्याला सगळं सांगितलं. पेयोला शिव्या घालेल असं वाटलं होतं, त्या घातल्या नाहीत. शेडमध्ये मी म्हाताऱ्याच्या मरणानंतर पाऊलही टाकलं नाही म्हणाला. म्हातारा गेला तरी तिथे कुणी हात लावला की ओरडेल असं वाटायचं.

"आणि बाई, मी केलं असतं तर पन्नासच्या पन्नास बिघडवली असती. पाचच कशाला? तीही एकेका ओळीत एक, पंगतीत लाडू वाढल्यासारखी? मी आळशी आहे, पण इतका नीटनेटका नाही."

तो हसला, पण हसताना त्याची नजर शेरीफच्या गाडीवर होती. ज्याला कुणीच साक्षीदार नसतो, त्याचं हसणं असं असतं.

मी उठले तेव्हा तो मागून म्हणाला, "शेडमध्ये काय चाललं असतं ते मालकिणीला विचारा ना. अंत्यविधीनंतर आठवडाभर तीच जायची तिथे. आतून हातोडा वाजायचा. ठक, ठक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा ठक, ठक. खुर्ची दुरुस्त करत असेल म्हणून मी मदतीला गेलो, तर दार आतून लावलेलं. आत पुटपुटत होती काहीतरी."

भरलेल्या काडतुसातून गोळी काढायला एक हातोडी असते. काडतूस तिच्यात अडकवायचं, ठोकळ्यावर आपटायचं, गोळी निखळून येते. बेर्नातकडे होती.

मी गाडीत येऊन बसले. शेरीफने विचारलं, आणू का त्याला?

"सकाळपर्यंत थांब," मी म्हणाले.

"सकाळी काय होणार आहे?"

क्लबच्या जेवणातली एक संध्याकाळ मला आठवत होती. आमच्याकडे काही शिकारी मेल्यावर आपली राख काडतुसात भरून घेतात, मित्र ती डोंगरात झाडतात. त्यावरून कुणीतरी थट्टा काढली होती, आणि बेर्नात कोकराच्या रश्श्यात पाव बुडवत म्हणाला होता, "मलाही भरा. जिवंतपणी जमला नाही असा एखादा तरी नेम लागेल." सगळे हसले. त्याची बायको ग्रासियाना हसली नव्हती. तिने क्रुसाची खूण केली होती.

आणि एप्रिलमध्ये, चर्चच्या भिंतीतल्या कोनाड्यात बेर्नातचा कलश ठेवायच्या दोन दिवस आधी फादरांनी तिला हळूच समजावलं होतं. राख वाटायची नाही, उधळायची नाही. माणूस अखंड ठेवायचा. तिने मान डोलावली होती. ग्रासियाना फादरांच्या शब्दाबाहेर कधी गेली नव्हती. चाळीस वर्षांत नाही.

४

पहाटेच्या मिस्सेला ती आली नव्हती. मी तिच्या स्वयंपाकघराच्या दाराने आत गेले. ती चुलीपाशी लसणाचं सूप ढवळत होती, दोन माणसांना पुरेल इतकं. घरात ती एकटी होती.

"बस," ती म्हणाली. मागे वळली नाही.

मी बसले. जपमाळ टेबलावर ठेवली.

मण्यांचा आवाज ऐकून ती म्हणाली, "किती उरलीत?"

मी डोळे मिटले. मनाच्या एका कोपऱ्यात अजून वाटत होतं की मी चुकले असेन.

"एक आख्खं," मी म्हणाले. "एक शेरीफने उघडलं. दोन मी झाडली. ग्रासियाना, मला माहीत नव्हतं गं."

"तू झाडलीस ते बरं झालं. तुझ्यावर त्याचा जीव होता."

मग ती बसली आणि सांगू लागली. बेर्नातने शेवटच्या आठवड्यात तिच्याकडून वचन घेतलं होतं. बर्फ पडायच्या आत मला वरच्या कुरणात ने. तरुणपणी मेंढ्या घेऊन तो तिथे राहायचा, तिथल्या एका झाडावर त्याने तिचं नाव कोरलं होतं, लग्नाच्या आधी. तिने हो म्हटलं. मग फादरांनी नियम सांगितला. तिचे गुडघे डोंगर चढू शकत नव्हते, आणि चढले असते तरी फाटकाला कुलूप होतं. पेयोला सांगावं, तर तो फादरांना विचारल्याशिवाय राहिला नसता.

म्हणून कोनाड्यात ठेवायच्या आदल्या दिवशी तिने कलशातून मूठभर राख काढून घेतली. प्रत्येक ओळीतल्या पहिल्या काडतुसात थोडं थोडं. एक भरलं की एक स्वर्गीय बापाची प्रार्थना, मग ओळीतल्या बाकीच्यांवर बोट ठेवत नमो मरिये. मुलगा शिकारीला जाईल, डोंगरात गोळ्या झाडेल, आणि बाप त्याच्या नकळत वर पोचेल. नियम मोडला तो फक्त तिने, पाप तिच्या एकटीचं.

"जागा होईना म्हणून दारू थोडी काढली," ती म्हणाली. "तोच सांगायचा ना, दारू जास्त झाली तर नळी फुटते, माणूस मरतो. कमी झाली तर काही नाही. मी चाळीस वर्षं त्याच्या शेजारी तराजू धरून बसले. जास्त होऊ नये इतकंच मी बघितलं, डोमिनिका. पेयोच्या हातात फुटू नये म्हणून."

बेर्नात तसं खरंच सांगायचा. मलाही सांगायचा. पण मला पुढचंही सांगितलं होतं, की कमी दारूची गोळी मरून खाली पडते. कारण मी नेम धरायची आणि ती फक्त तराजू.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

तिने सुपाचं भांडं खाली उतरवलं. "आधी कळलंच नाही. चार दिवसांपूर्वी शेरीफ म्हणाला की पेयोची पहिलीच गोळी लागली, तेव्हा कळलं. त्यानंतर रोज दार उघडते आणि परत लावते. फादरांची भीती नाही गं. मुलाला काय सांगू? की तू ज्याला पाडलंस, त्याला तुझ्या बापाने पाडलं?"

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. शेरीफने सकाळपर्यंत वाट पाहिली होती, त्याहून जास्त नाही.

ग्रासियानाने पदर झाडावा तसा एप्रन झाडला, खुंटीवरचा कोट घेतला, आणि त्याने दार वाजवायच्या आधी स्वतःच उघडलं.

५

भुकटी तपासायला गेली आणि तिचं म्हणणं खरं निघालं. सोमवारी सरकारी वकिलाने खुनाच्या प्रयत्नाचा आरोप मागे घेतला. लाइलकडे शेरीफ स्वतः गेला आणि काय बोलला ते दोघांनीही कुणाला सांगितलं नाही.

पेयोला मी तुरुंगातून घरी आणलं. आई काय सांगणार होती ते त्याला शेरीफने आधीच सांगितलं होतं. वाटभर तो खिडकीतून डोंगराकडे बघत होता. वस्तीजवळ आल्यावर म्हणाला, "मावशी, माझा नेम बरोबर होता ना?"

"बरोबर होता."

"आठ रात्री मी तेच आठवत होतो. एल्क होता, खांदा होता, श्वास सोडला होता. मग वाटायला लागलं, कदाचित मला खालीच मारायचं असेल आणि मलाच ते माहीत नसेल."

मी गाडी कडेला घेतली. तो लहान मुलासारखा रडला, आणि मी रडू दिलं.

घरी ग्रासियाना दारात उभी होती. तो आईला म्हणाला, "आमा, सूप आहे का?" एवढंच. ती म्हणाली, आहे.

वॉरन टीग गुरुवारी शुद्धीवर आला. पाय वाचला, पण लंगडणार होता. त्याला कसं सांगावं हा प्रश्न होता, मीच गेले. तो नळ्यांमध्ये पडून ऐकत होता. चेहरा पिवळा पडला होता.

"बेर्नात मला दहा वर्षं म्हणत होता, तुला बघून घेतो," तो म्हणाला. "जिवंतपणी जमलं नाही. मेल्यावर हट्टाने आला बघा." त्याला हसताना कळ आली. मग गंभीर होऊन विचारलं, "त्या म्हातारीच्या वचनाचं काय झालं?"

मी सांगितलं की एक काडतूस उरलंय. फादरांकडे ग्रासियानाने कबुली दिली आहे. ते रागावले, मग म्हणाले, उधळू नका, पुरा, मी माती मंत्रून देतो. पण बर्फ येतंय आणि वाट त्याच्या फाटकातून आहे. नर्सने मला उठवलं.

शुक्रवारी शेरीफने सीलबंद काडतूस आणि उघडलेल्या काडतुसातल्या राखेची पुडी ग्रासियानाच्या हातात दिली. काडतूस उघडायचं का, असं त्याने विचारलं. तिने नकारार्थी मान हलवली. ते तिला परत आपटायचं नव्हतं.

शनिवारी मी मिस्सेला जायला निघाले तेव्हा उजाडत होतं. ढग इतका खाली आला होता की डोंगराचा पायथाच तेवढा उरला होता, आणि हवेला बर्फाचा वास होता. वॉरनच्या हद्दीपाशी माझी गाडी हळू झाली. फाटक सताड उघडं होतं. कुलूप साखळीसकट खांबाला टांगलेलं, आणि त्याच्या गड्याने फाटक परत मिटू नये म्हणून खाली दगड लावला होता.

पेयो आधीच आत शिरला होता. खांद्यावर फावडं होतं, रायफल नव्हती. फादरांची माती पाठीवरच्या पिशवीत. चालता चालता तो दर थोड्या वेळाने हात वर नेऊन शर्टाचा खिसा चाचपत होता. झऱ्यापाशी तो क्षणभर थांबला. मग मागे न बघता चढणीला लागला, आणि हळूहळू ढगात शिरला.